‘नाकाचे हाड वाढले’ : श्वास आणि सौष्ठव यांच्या एकत्रित शस्त्रकर्माचा विचार

‘डॉक्टर, नाकाचे हाड वाढले आहे, ऑपरेशन सांगितले आहे, पण तुमच्या औषधाने जिरेल का?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात महिन्यातून एकदा तरी विचारला जातो. प्रस्तुत लेखकानेही या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे एकाच ठराविक पद्धतीने दिले. ते उत्तर कोठे चुकले, हे आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एक बावीस वर्षांचा तरुण सततच्या नाक चोंदण्याची तक्रार घेऊन आला. रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागे, सकाळी घसा कोरडा पडे, डोके जड राही. जीर्ण प्रतिश्याय असे निदान करून अणुतैलाचे नस्य, हरिद्राखंड आणि लक्ष्मीविलास रस अशी योजना केली. काही दिवस बरे वाटे, पुन्हा पूर्ववत होई. हे चक्र दोन वर्षे चालले. त्याच्या नाकाचा कणा डावीकडे झुकलेला होता, हे आम्हांस दिसत होते. परंतु तो रूपाचा विषय आहे, रोगाचा नव्हे, असे समजून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. एके दिवशी सहज विजेरीच्या प्रकाशात नाकपुडी वर उचलून पाहिली, तेव्हा उजवी बाजू आतून पडद्याने जवळजवळ बंद झालेली दिसली. मग चौकशी करता कळले, की चौदाव्या वर्षी क्रिकेटचा चेंडू नाकावर बसला होता. जी गोष्ट पहिल्या भेटीत पाहावयाची ती आम्ही दोन वर्षांनी पाहिली. या लेखाचे प्रयोजन त्यातच आहे.

हाड वाढत नाही, मग होते काय?

नाकाच्या वरचा सुमारे एकतृतीयांश भाग अस्थीचा आणि खालचा भाग कूर्चेचा असतो. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात नाकातील अस्थी ‘तरुण’ प्रकारात गणली आहे, हे येथे आठवावे. दोन्ही नाकपुड्यांमधील पडदा पुढे चौकोनी कूर्चेचा आणि मागे पातळ अस्थींचा बनलेला असतो. हा पडदा केवळ दुभाजक नाही. तंबूच्या मधल्या खांबाप्रमाणे तो नाकाचा कणा आणि शेंडा तोलून धरतो.

लोक ज्याला ‘हाड वाढणे’ म्हणतात त्यात बहुधा पुढीलपैकी एक किंवा अधिक गोष्टी असतात. पडदा एका बाजूस वळलेला असतो किंवा त्यावर कंगोरा आलेला असतो. नाकाच्या बाह्य भिंतीवरील शुक्तिका, म्हणजे टर्बिनेट, सुजून मोठ्या झालेल्या असतात. क्वचित नासार्श, म्हणजे पॉलिप, असतो आणि रुग्ण त्यालाही हाडच म्हणतो. या तिन्हींची चिकित्सा वेगळी आहे. सुजलेली शुक्तिका औषधाने, नस्याने, पथ्याने पुष्कळदा उतरते. वाकलेली कूर्चा कोणत्याही औषधाने सरळ होत नाही. औषध कोणत्याही पॅथीचे असो, हे सत्य बदलत नाही.

नाकातील सर्वांत अरुंद जागा नाकपुडीच्या तोंडाशी नसून तिच्या किंचित आत असते. पडदा आणि वरची पार्श्वकूर्चा यांच्यामधील हा कोन साधारण १० ते १५ अंशांचा असतो. त्यास नासाझडप म्हणता येईल. नाकातून जाणाऱ्या हवेला होणाऱ्या विरोधापैकी सर्वांत मोठा वाटा या चिंचोळ्या जागेचा असतो. त्यामुळे येथे एखाद्या मिलिमीटरचा फरकही रुग्णाला जाणवतो. उलट मागील बाजूचा मोठा कंगोरा कित्येकदा त्रास देत नाही. ही झडप नाकाच्या बाह्य आकाराचाच भाग असल्याने आकार बदलला की श्वास बदलतो. श्वास आणि सौष्ठव एकत्र विचारात घ्यावे लागतात ते या कारणाने.

संहितेतील दृष्टी

उत्तरतंत्राच्या बाविसाव्या अध्यायात सुश्रुतांनी ३१ नासारोग सांगितले. त्यांतील नासाप्रतीनाहात कफाने आवृत झालेला उदान वायू घ्राणमार्ग जणू झाकून टाकतो, असे वर्णन आहे. आपण सर्वजण हा अध्याय वाचतो आणि नस्य-धूमाकडे वळतो. परंतु नाकाविषयीचे सुश्रुतांचे सांगणे तेथे संपत नाही. आणखी दोन स्थळे एकत्र वाचली पाहिजेत.

पहिले स्थळ चिकित्सास्थानातील तिसऱ्या, भग्नचिकित्सेच्या अध्यायात आहे. नाक आघाताने खचले वा वाकडे झाले तर ते शलाकेने सरळ करावे, दोन्ही नाकपुड्यांत स्वतंत्रपणे दोन्ही टोकांस उघड्या अशा नळ्या बसवाव्यात, वरून पट्ट बांधावा आणि घृताचा सेक करावा, असा विधी तेथे आहे. आजही नाकाचे भग्न आतून उपकरणाने उचलून सरळ करतात आणि बाहेरून साचा बसवितात. मधून श्वास घेता यावा अशी नलिकायुक्त आंतरपट्टीही वापरात आहे.

दुसरे स्थळ सूत्रस्थानातील सोळावा अध्याय. छिन्न नासिकेच्या संधानासाठी झाडाच्या पानाने नाकाचे माप घ्यावे, त्या मापाची त्वचा गालावरून देठ राखून उचलावी, नाकाच्या कडा खरवडून ती तेथे जोडावी, दोन नळ्या आत ठेवून नाक उंचावावे, पतंग, यष्टीमधु व अंजन यांचे चूर्ण भुरभुरावे, वर कापूस ठेवून तिळतेलाचे सिंचन करावे, असा हा क्रम आहे. पुढे, नाक लहान राहिल्यास वाढविण्याचा यत्न करावा आणि मांस अधिक झाल्यास समान करावे, असेही सांगितले आहे. नळ्या श्वासासाठी, समानता रूपासाठी. आचार्यांनी दोन्ही प्रयोजने एकाच विधीत ठेवली. ती वेगळी केली ती नंतरच्या लोकांनी.

पुण्याजवळील एक घटना आणि तिचा परिणाम

इंग्रज आणि टिपू यांच्या १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर गाडीवान असलेला कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ वीट-मातीचे काम करणाऱ्या समाजातील एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्याच्या सेवेतील दोन इंग्रज डॉक्टरांनी ते शस्त्रकर्म पाहिले आणि त्याचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात प्रसिद्ध झाला. मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचा आकार घेणे, तो कपाळावर पसरून तेवढी त्वचा उचलणे, दोन्ही डोळ्यांमधील देठ राखणे, कातात भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्या लावणे, पुढे तुपात भिजविलेले कापड ठेवणे आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापणे, असे तपशील त्यात आहेत. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालीत, हेही त्यात नोंदविले आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. संहितेत त्वचा गालाची आहे, पुण्याच्या शस्त्रकर्मात कपाळाची. अभिमानाच्या भरात आपण दोहोंस एकच म्हणतो, ते बरोबर नाही. परंपरा जिवंत होती आणि बदलत होती, असे म्हणणे अधिक यथार्थ. हा वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये असे शस्त्रकर्म केले आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

पुढे पाश्चात्त्य शस्त्रशास्त्रात मात्र दोन वाटा झाल्या. अमेरिकेतील जॉन रो यांनी १८८७ मध्ये आणि बर्लिनच्या जॅक जोसेफ यांनी १८९८ मध्ये रूपासाठी नाकाचा आकार लहान करण्याची शस्त्रकर्मे वर्णिली. दुसरीकडे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीअर आणि किलियन यांनी श्वासासाठी पडद्याची वाकलेली कूर्चा काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. केवळ रूप पाहणाऱ्या शस्त्रकर्माने काही नाके सुंदर परंतु बंद झाली. केवळ मार्ग पाहणाऱ्या शस्त्रकर्मात आधाराची कूर्चा अधिक गेली तर काही नाके मोकळी परंतु खचलेली झाली. शतकाच्या मध्यास मॉरिस कॉटल यांच्यासारख्यांनी कूर्चा काढण्याऐवजी ती जपून सरळ करण्याचा आग्रह धरला आणि दोन्ही वाटा पुन्हा जवळ आल्या.

आजचे एकत्रित शस्त्रकर्म

पडदा सरळ करणे म्हणजे सेप्टोप्लास्टी, बाह्य आकार सुधारणे म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी आणि दोन्ही एकाच वेळी करणे म्हणजे सेप्टोऱ्हायनोप्लास्टी. पडदा वाकडा आहे पण बाहेरून नाक सरळ आहे, अशा बहुसंख्य रुग्णांना सेप्टोप्लास्टी पुरते. नाकाचा कणाच झुकलेला असेल, मधला भाग दबलेला असेल, शेंडा खाली गळालेला असेल अथवा नासाझडप अरुंद असेल, तर आतील पडदा एकटा सरळ करून भागत नाही.

हे शस्त्रकर्म सामान्यतः पूर्ण भूल देऊन केले जाते आणि त्यास दोन ते चार तास लागतात. छेद एकतर पूर्णतः नाकपुडीच्या आत असतो, किंवा दोन नाकपुड्यांमधील स्तंभावर एक लहान छेद घेऊन वरील त्वचा उचलली जाते. पडद्याची वाकडी कूर्चा सुटी करून सरळ केली जाते. मात्र वरचा आणि पुढचा साधारण एक सेंटिमीटर रुंदीचा कोन आधारासाठी राखावाच लागतो. काढलेली कूर्चा फुकट जात नाही. तिच्या पट्ट्या पडदा व पार्श्वकूर्चा यांच्यामध्ये बसवून झडप रुंद करतात. कूर्चा अपुरी असल्यास कानाची किंवा बरगडीची घेतात. अस्थिभाग वाकडा असल्यास तो नियंत्रित रीतीने छेदून मध्यावर आणतात.

लाभ किती? केवळ सेप्टोप्लास्टीपुरते बोलायचे तर चांगले पुरावे उपलब्ध आहेत. नेदरलँड्समधील २०३ प्रौढांवरील अभ्यास २०१९ मध्ये, तर ब्रिटनमधील ३७८ प्रौढांवरील अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींत शस्त्रकर्म केलेल्या गटास शस्त्रकर्माविना उपचार घेणाऱ्या गटापेक्षा अधिक आराम मिळाला. ब्रिटनच्या अभ्यासातील दुसऱ्या गटास सहा महिने नाकाचा स्टेरॉइड फवारा व लवणजल दिले होते.

हानीचा विचारही तितकाच स्पष्ट सांगावा. रक्तस्राव, संसर्ग, पडद्यास छिद्र पडणे, आत चिकटणे, वरच्या पुढील दातांना वा नाकाच्या शेंड्यास काही काळ बधिरता, गंधज्ञानात फरक, आणि अपेक्षित आकार न येणे हे संभाव्य उपद्रव होत. आकार बदलणाऱ्या शस्त्रकर्मात साधारणतः शंभरांतील पाच ते पंधरा रुग्णांना पुन्हा शस्त्रकर्म लागते, असे मानले जाते. घोरणे कमी होईलच किंवा निद्रेतील श्वासरोध बरा होईलच, असे आश्वासन देऊ नये.

चिकित्सालयात काय पाहावे?

१. विजेरीच्या प्रकाशात अंगठ्याने नाकाचा शेंडा वर उचलून दोन्ही बाजू पाहाव्यात. यास अर्धे मिनिट लागते.

२. स्टीलचे थंड ताट वा आरसा नाकाखाली धरून दोन्ही बाजूंच्या वाफेचे ठसे तुलनेने पाहावेत. निरोगी माणसातही काही तासांच्या अंतराने एक बाजू अधिक मोकळी होते, हा स्वराचा क्रम लक्षात घेऊन परीक्षण पुन्हा करावे.

३. गाल हळूच बाहेर ओढला असता श्वास एकदम मोकळा झाला, तर दोष झडपेत असण्याचा संभव असतो. ही खूण सूचक आहे, निर्णायक नव्हे.

४. अवरोध बाजू बदलतो की एकाच बाजूस कायम आहे, हे विचारावे. बाजू बदलणारा, ऋतूनुसार वाढणारा, शिंका व कंडू यांसह असणारा अवरोध हे औषधी चिकित्सेचे क्षेत्र. एकाच बाजूस कायम असणारा, आघातानंतरचा अवरोध तज्ज्ञाकडे पाठवावा.

५. एका बाजूने रक्तमिश्रित वा दुर्गंधी स्राव असेल तर नस्य देत बसू नये. बालकात आत अडकलेला मणी-शेंगदाणा आणि प्रौढात अर्बुद यांची शंका प्रथम घ्यावी. मधुमेही रुग्णात काळसर खपली व चेहऱ्यावर वेदना-सूज असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना ताज्या आघाताविषयी. मूल नाकावर पडले, नाक दोन्ही बाजूंनी चोंदले आणि आत पडद्यावर दोन्हीकडे मऊ, फुगीर, लालसर-जांभळी सूज दिसली, तर ते पडद्यातील रक्तसंचयाचे लक्षण असते. कूर्चेचे पोषण तिच्यावरील आवरणातून होते. मध्ये रक्त साठले की एक-दोन दिवसांतच कूर्चा मरू लागते, पू होतो आणि पुढे नाक खोगिराप्रमाणे खचते. लेप लावून चार दिवसांनी बोलावणे येथे घातक ठरते. त्याच दिवशी निचरा झाला पाहिजे. साध्या भग्नातही सूज उतरताच, साधारण एक ते दोन आठवड्यांच्या आत, मुलांत त्याहूनही लवकर, अस्थी बसवावी लागते. आमच्या रुग्णाला चौदाव्या वर्षी कोणी वेळीच पाठविले असते, तर पुढचे बरेचसे टळण्याचा संभव होता.

शस्त्रकर्मापूर्वी आपली औषधे

रुग्ण शस्त्रचिकित्सकास आपली औषधे सांगत नाही; ‘ती काय, आयुर्वेदिकच आहेत’ असे त्यास वाटते. जे द्रव्य कार्य करते ते शस्त्रकर्माच्या वेळीही करते, हे आपणच त्यास सांगितले पाहिजे. लसूण, हरिद्रा व आर्द्रक यांचे अर्क किंवा मोठ्या मात्रेतील योग, तसेच गुग्गुळाचे कल्प यांमुळे रक्तस्राव वाढण्याची शक्यता गृहीत धरावी. सर्पगंधा भुलेच्या काळात रक्तदाब अस्थिर करू शकते. यष्टीमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास पोटॅशियम उतरते व रक्तदाब वाढतो. अश्वगंधेसारखी निद्राजनन द्रव्ये भुलेचा परिणाम वाढवू शकतात. म्हणून अशी औषधे साधारण दोन आठवडे आधी थांबविण्याचा प्रघात आहे. मात्र रक्तदाबाची वा मधुमेहाची चालू औषधे रुग्णाने परस्पर बंद करू नयेत; तो निर्णय भूलतज्ज्ञाच्या विचाराने व्हावा. आपण चालू औषधांची यादी, घटकद्रव्ये व मात्रांसह, चिठ्ठीवर लिहून द्यावी. तपकीर, मिश्री व धूम्रपान बंद करण्याची आठवणही त्याच चिठ्ठीत असावी.

औषधविक्रेत्यांसाठी दोन शब्द

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले नाक मोकळे करणारे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे वापरले असता परिणाम ओसरताच शुक्तिका अधिक सुजतात, पुन्हा थेंब लागतात आणि व्यसनासारखी स्थिती येते. दर पंधरवड्यास तीच बाटली नेणारे गिऱ्हाईक आपल्या ओळखीचे असते. ‘किती दिवस घालता?’ एवढे विचारून त्यास वैद्याकडे पाठविणे हे विक्रेत्याचे मोठे काम आहे. शस्त्रकर्म झालेल्या रुग्णास वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळी परस्पर देऊ नये, तसेच नस्याचे तेलही देऊ नये; त्याच्या हातातील चिठ्ठी आधी पाहावी.

शस्त्रकर्मानंतर

बाहेरील साचा साधारण आठवडाभर राहतो. डोळ्यांखालील निळसरपणा एक-दोन आठवड्यांत जातो. सूज हळूहळू उतरते आणि शेंड्याचा अंतिम आकार दिसण्यास वर्ष लागू शकते. पहिल्या काही आठवड्यांत नाक जोराने शिंकरू नये, शिंक तोंड उघडून द्यावी, वजन उचलू नये, डोके उंच ठेवून झोपावे. सांगितलेले लवणजल नियमित वापरावे. या काळात नस्य, जलनेती व तीव्र प्राणायाम वर्ज्य समजावेत. ते कधी सुरू करावेत हे शस्त्रचिकित्सकास विचारूनच ठरवावे. जखम पूर्ण भरल्यावर मात्र कोरडेपणा, खपल्या आणि मूळचा प्रतिश्याय यांसाठी आपल्या चिकित्सेस पुष्कळ वाव आहे. पडदा सरळ झाला तरी प्रकृती व ॲलर्जी तीच राहते.

रुग्णाला सल्ला देताना

केवळ रूपासाठी शस्त्रकर्म इच्छिणारा रुग्ण उपहासास पात्र नाही. तथापि नाक जवळजवळ निर्दोष असताना जो दिवसातून अनेकदा आरशात पाहतो आणि एकाच दोषाने आयुष्य नासले असे म्हणतो, त्यास प्रथम मानसोपचाराची गरज असू शकते. विवाह जमावा म्हणून घरच्यांनी पुढे केलेल्या मुलीस एकटीला विचारावे, की तिला स्वतःला काय हवे आहे. मुलींत साधारण पंधरा-सोळा आणि मुलांत सोळा-सतरा वर्षांपूर्वी आकाराचे शस्त्रकर्म सहसा टाळतात. विम्यासाठी ‘श्वासाचा त्रास’ असल्याचा खोटा दाखला मागणारे येतात. तो देऊ नये. त्याने खऱ्या रुग्णाच्या दाखल्याचीही किंमत जाते.

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची यादी प्रसिद्ध केली आणि मोठा वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घेतली तरी आपल्यासारख्या सामान्य चिकित्सकाचे कर्तव्य बदलत नाही. शस्त्रसाध्य काय आणि औषधसाध्य काय, हे ओळखणे ही चिकित्सेची पहिली पायरी होय.

त्या तरुणाची आई म्हणाली होती, ‘नाक वाकडे राहिले तरी चालेल, श्वास तेवढा सुधारा.’ तज्ज्ञांनी तिला समजावले, की कणा वाकडा ठेवून पडदा सरळ राहणार नाही. एकत्रित शस्त्रकर्म झाले. चार महिन्यांनी तो आला तेव्हा म्हणाला, ‘डॉक्टर, आता रात्री तोंड मिटून झोपतो.’ नाकाविषयी त्याने काही सांगितले नाही. आईने मात्र त्याचे नवे छायाचित्र काढून दाखविले. दोन वर्षे दिलेल्या नस्याचा हिशेब त्या दोघांनी कधी विचारला नाही. तो आम्ही स्वतःलाच विचारला, आणि तेव्हापासून चिकित्सालयाच्या मेजावर विजेरी ठेवली आहे. वैद्यबंधू-भगिनींनीही ती ठेवावी, एवढीच विनंती.